हलवलेले दगड

१९८२च्या जूनमध्ये अमेरिकेत आठवड्याच्या अंतराने दोन चित्रपट आले. ४ जूनला ‘पोल्टरगाइस्ट’, ११ जूनला ‘ई.टी.’ दोन्हींच्या मागे स्टीव्हन स्पीलबर्ग. दोन्हींत कॅलिफोर्नियातली नवी कोरी वसाहत, टेकड्यांच्या कुशीत एकाच साच्यातून काढलेली घरं, मुलांच्या खोल्यांत खेळण्यांचा खच. आणि दोन्हींत त्या खोल्यांमध्ये बाहेरचं कुणीतरी येतं. ‘ई.टी.’मधला पाहुणा मुलाचा सखा होतो. ‘पोल्टरगाइस्ट’मध्ये पाच वर्षांची मुलगी भिंतीतल्या कपाटातून ओढली जाते आणि नंतर तिचा फक्त आवाज उरतो, तोही टीव्हीतून. जगाने जीव लावला तो पहिल्या पाहुण्याला. माझं मन मात्र वर्षानुवर्षं दुसऱ्या घराभोवती घुटमळत राहिलं आहे. त्या घराची खरेदी-विक्री कशी झाली, हे त्या चित्रपटात सांगितलेलं आहे आणि भुताच्या गोष्टीत ते फार क्वचित सांगतात.

‘पोल्टरगाइस्ट’ दिग्दर्शित केला टोबी हूपरने, निर्मिती आणि पटकथेत स्पीलबर्ग. खरा दिग्दर्शक कोण यावर आजही हमरीतुमरी चालते. ती चालो. पडद्यावर दिसतं ते असं: क्वेस्ता वेर्दे नावाची वसाहत, तिच्यात फ्रीलिंग कुटुंब. आई, बाप, थोरली मुलगी, मधला मुलगा आणि शेंडेफळ कॅरल अ‍ॅन. रात्री बिछान्यात बाप नव्या राष्ट्राध्यक्षांचं, म्हणजे रेगन यांचं चरित्र वाचतो आहे आणि शेजारी आई गांजा ओढते आहे. साठच्या दशकातली केस वाढवलेली पोरं ऐंशीच्या दशकात घराचे हप्ते भरू लागली, ही एका पिढीची सगळी हकीकत तेवढ्या एका दृश्यात येऊन जाते. शेजाऱ्याशी भांडण होतं ते रिमोटवरून. दोन घरं इतकी खेटून की याने बटण दाबलं की त्याच्या घरातला कार्यक्रम बदलतो. रात्री टीव्ही केंद्र बंद होताना राष्ट्रगीत वाजतं, मग पडद्यावर नुसत्या मुंग्या, आणि त्या मुंग्यांशी मुलगी बोलत बसते.

माझ्या मते चित्रपटातला सगळ्यात मोलाचा प्रसंग भुताचा नाहीच. मुलीचा पाळलेला पिवळा पक्षी मरतो. आई तो शौचकुपात टाकून मोकळी होणार, एवढ्यात मुलगी बघते. मग रीतसर दफन होतं. सिगारच्या डबीत पक्ष्याला निजवतात, त्याला वाटेत भूक लागली तर म्हणून खाऊही ठेवतात. माती लोटून होते न होते तोच मुलगी विचारते, आता मला गोल्डफिश मिळेल का? दुसऱ्या दिवशी परसात पोहण्याच्या तलावासाठी खोदाई सुरू होते आणि यंत्राच्या दातांत ती डबी वर येते. पुढे घडणारं सगळं या डबीत आधीच येऊन गेलं आहे. प्रेताची सोबत करावी, त्याला काहीतरी द्यावं, हे लहान मुलीला न शिकवता कळतं. मोठी माणसं तिथे तलाव खणतात.

भूत येतं ते मात्र भीती घेऊन नव्हे. स्वयंपाकघरातल्या खुर्च्या आपोआप एकावर एक रचल्या जातात, फरशीवर ठेवलेली वस्तू आपसूक सरकते, आणि आईला त्याची गंमत वाटते. ती फरशीवर खुणा आखते, मुलीला हेल्मेट घालून बसवते, आणि नवरा घरी आल्यावर शाळकरी उत्साहाने त्याला हा खेळ दाखवते. अनेकांना ती बाई मूर्ख वाटते. मला ती फार खरी वाटते. उपनगरात सगळं ठरलेलं: गवताची उंची, कचऱ्याचा वार, घराचा रंग. अशा ठिकाणी न ठरलेलं काही घडलं तर पहिल्यांदा हर्षच होणार. आपल्या घरात काहीतरी आलं आहे, म्हणजे आपलं घर निदान कुणाच्या खिजगणतीत तरी आहे.

आणि बाप? तो त्याच वसाहतीतली घरं विकतो. कंपनीचा हुकमी विक्रेता. मुलगी नाहीशी झाली आहे, घरात परामानसशास्त्रज्ञ मुक्काम ठोकून आहेत, आणि अशातच त्याचा मालक त्याला टेकडीवर नेऊन पुढच्या टप्प्याची जागा दाखवतो. जागा म्हणजे दफनभूमी. मालकाला त्यात अडचण दिसत नाही. कबरी हलवता येतात, पूर्वीही हलवल्या आहेत, १९७६ साली, खाली तुझं घर आहे तिथेच. आणि ही काही आदिवासींची प्राचीन पवित्र भूमी नव्हे, साधी माणसंच पुरली आहेत, अशी तो वर समजूतही घालतो. लोकांच्या आठवणीत हा चित्रपट ‘इंडियन लोकांच्या कबरींवर बांधलेलं घर’ म्हणून राहिला आहे. पटकथेने ती पळवाट मुद्दाम बुजवली होती. प्राचीन शाप म्हटलं की जबाबदारी कुणा परक्या, गूढ, नामशेष लोकांवर ढकलता येते. इथे शाप नाही, सहा वर्षांपूर्वीचं कंत्राट आहे. शेवटी तलावातून आणि अंगणातून शवपेट्या उसळून वर येतात तेव्हा बाप मालकाची गचांडी धरून ओरडतो, तू प्रेतं तिथेच ठेवलीस आणि फक्त वरचे दगड हलवलेस. हे ओरडणाऱ्यानेच त्या जागेवरची घरं विकली आहेत, ही गोष्ट चित्रपट उच्चारत नाही. उच्चारायची गरजही नाही.

हे पटकथाकाराच्या डोक्यातून निघालेलं नवल नव्हे. डेन्व्हर शहराने जुनी दफनभूमी रिकामी करून तिथे बाग करायचं ठरवलं आणि १८९३ साली एका अंत्यविधी व्यावसायिकाला दर मृतदेहामागे १ डॉलर ९० सेंट या दराने कंत्राट दिलं. त्याने हिशेब केला. मोठ्या माणसाला मोठी पेटी लागते, तिला खर्च येतो. मग त्याने लहान मुलांच्या मापाच्या पेट्या आणल्या आणि मोठ्यांची प्रेतं तोडून एकेकाची दोन-दोन, तीन-तीन पेट्यांत वाटणी केली. पेट्या वाढल्या, बिल वाढलं. वर्तमानपत्राने हे उघडकीला आणल्यावर काम थांबलं, आणि थांबलं ते थांबलंच. आज तिथे चीझमन पार्क आहे, शेजारी वनस्पती उद्यान. दोन हजारांवर माणसं अजून त्या हिरवळीखाली असावीत असा अंदाज आहे, आणि शेजारी खोदकाम निघालं की अधूनमधून हाडं लागतात.

डेन्व्हरची गोष्ट जुनी म्हणून सोडली तरी फ्लोरिडातलं टॅम्पा आहे. १९०१ साली तिथे कृष्णवर्णीयांसाठी झायन दफनभूमी झाली. काही दशकांत ती नकाशावरून नाहीशी झाली. जमीन विकली गेली, वर गोदामं आली, एका भागावर गरिबांसाठी रोबल्स पार्क व्हिलेज ही सरकारी वसाहत उभी राहिली. २०१९ साली ‘टॅम्पा बे टाइम्स’च्या बातमीदारीनंतर जमिनीत रडार सोडलं गेलं आणि शंभराहून अधिक शवपेट्यांचे आकार दिसले. पेट्या जागच्या जागी होत्या, दगड मात्र कधीच गेलेले. वसाहतीतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या त्या अंगणात खेळली होती. त्यानंतर फ्लोरिडात अशा आणखी जागा उजेडात आल्या आणि २०२२च्या डिसेंबरात कृष्णवर्णीयांच्या विस्मृत दफनभूमींसाठी केंद्रीय कायदा झाला.

अमेरिकन उपनगर मुळात कुणासाठी बांधलं गेलं, हे आठवलं की या दफनभूमी का विसरल्या गेल्या ते समजतं. १९४७ साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन सुरू झालं. कारखान्यात मोटारी जोडाव्यात तशी घरं जोडली गेली, सतरा हजारांच्या वर. युद्धावरून परतलेल्या शिपायाला स्वस्त कर्ज, त्याच्या बायकोला नवं स्वयंपाकघर, मुलांना अंगण. आणि करारात कलम, की गोरे सोडून इतर कुणाला इथे राहू देऊ नये, नोकर म्हणून असेल तर गोष्ट वेगळी. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने असली कलमं न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं. कलम गेलं, वस्ती गोरीच राहिली. उपनगराने विकलं ते घर नव्हतं. शहरातलं, इतिहासातलं, इतर माणसांचं काहीही तुमच्या मुलापर्यंत पोहोचणार नाही, ही हमी विकली होती. म्हणूनच भुताने तिथे मूल न्यायचं. ज्याच्यासाठी व्यवहार झाला, वसुली त्याच्यावरच.

आपल्याकडे फ्लॅट घेताना वकील तीस वर्षांचा सर्च काढतो आणि मालकी निर्वेध व बोजारहित आहे असा दाखला देतो. तीस वर्षांपलीकडे जमिनीला काही आठवत नाही, असा कायद्याचा सोयीस्कर समज. नवी मुंबईत सिडकोने पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या. १९८४च्या जानेवारीत मोबदल्यासाठी उभ्या ठाकलेल्या शेतकऱ्यांवर जासई-दास्तान आणि नवघरला गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. या जमिनीवरच्या टॉवरांच्या माहितीपत्रकांत जलतरण तलाव असतो, मुलांसाठी खेळायची जागा असते. ते पाच नसतात. इमारतींच्या मधोमध गावठाण आणि त्यातली गावदेवी मात्र ठाण मांडून असते. वर्षातून एकदा जत्रेचा लाउडस्पीकर विसाव्या मजल्यापर्यंत पोहोचतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तक्रारी सुरू होतात. या तक्रारी वाचताना मला क्वेस्ता वेर्दे आठवतं.

मुलावर येणारं संकट हा उपनगराने लावलेला नवा शोध नव्हे, हेही खरं. महाभारताच्या वनपर्वात स्कंदाच्या जन्मकथेला जोडून मुलांना पीडा देणाऱ्या ग्रहांची आणि मातांची यादीच येते. सोळा वर्षांचं होईपर्यंत मूल त्यांच्या कक्षेत असतं. बालमृत्यू घरोघरी होते त्या काळातली ही यादी आहे, तिच्यावर हसू नये. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीती बसली आहे, शेजारी पांचिक. राजगृहातली लेकरं खाणारी ही यक्षिणी. तिला स्वतःला पाचशे मुलं. बुद्धाने तिचं धाकटं मूल भिक्षापात्राखाली लपवलं, ती वेड्यासारखी धुंडत फिरली, आणि पाचशेतलं एक हरवलं तर तुझं हे होतं, मग ज्यांना एकुलतं एक आहे त्यांचं काय, असं विचारल्यावर ती शरण आली. तिने खाणं सोडलं, पण तिलाही जगायला हवं; म्हणून विहारात तिच्यासाठी रोज अन्न काढून ठेवायचं ठरलं. या कथेत मला सर्वांत जास्त पटतो तो हा शेवटचा भाग. संकटाला हाकलून दिलेलं नाही. त्याला नाव आहे, चेहरा आहे, त्याचं स्वतःचं हरवलेलं मूल आहे, आणि त्याच्या जेवणाची जबाबदारी घेतलेली आहे.

सटवाईचंही तसंच. पाचव्या किंवा सहाव्या रात्री पाट मांडून जिची पूजा करायची आणि जिच्यासाठी कोरा कागद-लेखणी ठेवायची, तीच मुलाला धरूही शकते. तारणारी आणि मारणारी एकच, तेव्हा तिच्याशी बोलणं चालू ठेवणं हाच शहाणपणा. कोकणात घर बांधायच्या आधी जागेच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर पदरात घे म्हणतात. या सगळ्याने मुलं वाचली असं मी म्हणत नाही. मुलं वाचली ती लशींनी आणि स्वच्छ पाण्याने. मी म्हणतो ते एवढंच, की त्या गाऱ्हाण्यात एक कबुली असते: माझ्या आधी इथे कुणी होतं. क्वेस्ता वेर्देमध्ये ही कबुली द्यायला जागाच ठेवलेली नव्हती. नावं होती ती दगडांवर, आणि दगड हलवलेले. चित्रपटातली मांत्रीण टँजिना सांगते, मेलेले त्या मुलीभोवती जमले आहेत, कारण तिच्या जिवाचा त्यांना उजेड वाटतो. त्यांच्यातच एक दुष्ट शक्ती आहे आणि ती मुलीच्या डोळ्यांना दुसऱ्या एका मुलासारखी दिसते. हारीतीपुढे निदान बोलता येत होतं. या गर्दीत कुणाचंच नाव ठाऊक नाही, मग बोलणार कुणाशी? दोरी बांधून त्या कपाटातून आत उतरण्याखेरीज आईपुढे दुसरा मार्ग उरत नाही. आत आई जाते. बाप बाहेर दोरी धरून उभा राहतो आणि ऐन वेळी घाबरून ती भलत्याच क्षणी ओढतो.

खऱ्या घरांमधल्या अशा घटना वाचल्या की मुलाची जागा थोडी सरकते. १९५८ साली त्याच लाँग आयलंडवर सीफर्डमधल्या एका नव्या घरात बाटल्यांची झाकणं आपोआप उघडून आतलं सांडू लागलं, पुतळ्या हवेतून फेकल्या जाऊ लागल्या. बाटल्यांत औषध होतं, ब्लीच होतं, पवित्र जलसुद्धा होतं. पोलिसांनी गुप्तहेर नेमला, ड्यूक विद्यापीठातून गेदर प्रॅट आणि विल्यम रोल आले. महिनाभरात साठाहून अधिक घटनांची नोंद झाली. घरात बारा वर्षांचा मुलगा होता आणि बऱ्याच घटना तो आसपास असताना घडत. दोघा संशोधकांनी भूत बाजूला ठेवलं आणि मुलाच्या मनातून नकळत बाहेर पडणाऱ्या शक्तीचा सिद्धान्त मांडला, त्याला भारदस्त नावही दिलं. सिद्धान्त टिकला नाही. पण मुलाकडे बघा, ही त्यांची दिशा साफ चुकीची होती असं मला वाटत नाही.

आपल्याकडे याच प्रकाराला भानामती म्हणतात. वाळत घातलेले कपडे पेटतात, छपरावर दगड येतात, अन्नात घाण निघते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. मराठवाड्यात आणि विदर्भात अशी घरं असंख्य झाली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते तिथे जाऊन काय करतात हे समजून घेण्यासारखं आहे. मंत्र नाहीत आणि दरडावणीही नाही. घरातल्या प्रत्येकाला ते एकेकटं गाठून, शांतपणे बोलतं करतात. बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी निघतं: शाळेतून काढून घेतलेली मुलगी, मनाविरुद्ध लग्न ठरलेली बहीण, सासरी तोंड दाबून राहणारी सून. जिला बोलायची मुभा नाही तिच्याकडून दगड बोलतात. आणि मग सर्वांत शहाणी गोष्ट, ते नाव कुणालाही सांगत नाहीत. भानामती थांबेल एवढंच घरच्यांना सांगतात, आणि ती थांबते. त्या मुलीच्या दुखण्याचं काहीतरी करायला लावतात. समितीच्याच नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, तो त्यांच्या खुनानंतर २०१३ साली आला. कायद्याला त्याचं मोल आहेच. पण नाव न सांगण्याची ही कार्यकर्त्यांची रीत मला कायद्याहून नाजूक आणि कदाचित जास्त टिकाऊ वाटते.

लंडनच्या उत्तर भागात एनफील्डमध्ये १९७७ साली असंच घडलं, नगरपालिकेच्या भाड्याच्या घरात. नवऱ्यापासून विभक्त आई, चार मुलं. फर्निचर सरकायचं, आणि अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून म्हाताऱ्या पुरुषाचा घोगरा आवाज निघायचा. पुढे तिने थोडीफार लबाडी केल्याचं कबूल केलं. या प्रकरणाचा तपास सायकिकल रिसर्च सोसायटीच्या वतीने मॉरिस ग्रोस यांनी केला. आदल्याच वर्षी त्यांची तरुण मुलगी अपघातात गेली होती, आणि तिचं नाव एनफील्डच्या त्या मुलीचंच नाव होतं. महिनोन्‌महिने ते त्या घरी जात राहिले, आवाज ध्वनिमुद्रित करत राहिले. मुली फसवतात हे त्यांनी पकडलंही, तरी त्यांचा विश्वास शेवटपर्यंत ढळला नाही. एका बाजूला बाप निघून गेलेलं घर, दुसऱ्या बाजूला मुलगी गेलेला बाप. संशयवाद्यांनी ग्रोस यांच्या भोळेपणाची टर उडवली आहे. मला ती उडवावीशी वाटत नाही. त्या घराला त्या वेळी नेमकं काय हवं होतं, ते तपासनिसांपैकी कुणाला असेल तर त्यांनाच कळलं असेल.

आता ‘पोल्टरगाइस्ट’कडे, आणि त्यातल्या सगळ्यात अवघड गोष्टीकडे. शेवटच्या प्रसंगात आई त्या अर्धवट खणलेल्या तलावात घसरते आणि चिखलातून सांगाडे तिच्या अंगावर येतात. ही भूमिका करणाऱ्या जोबेथ विल्यम्सने पुढे सांगितलं की ते सांगाडे खरे होते आणि तिला ते नंतर कळलं. कारण अर्थातच खर्चाचं: कृत्रिम सांगाडा घडवण्यापेक्षा वैद्यकीय पुरवठादाराकडून खरा आणणं स्वस्त पडे. त्या काळी अमेरिकेच्या बाजारात येणारे बहुतेक मानवी सांगाडे भारतातून जात, मुख्यतः कलकत्त्याहून. व्यापार इंग्रजांच्या काळापासून मुरलेला, माल गरिबांचा आणि बेवारसांचा. लहान मुलांचे सांगाडे मोठ्या संख्येने बाहेर गेल्याचा बोभाटा झाल्यावर १९८५ साली सरकारने निर्यातीवर बंदी घातली.

म्हणजे मेलेल्यांना हिशेबात न धरता त्यांच्यावर घरं बांधल्याची शिक्षा सांगणारा चित्रपट, आणि त्या शिक्षेच्या दृश्यातच हिशेबात न धरलेल्या मेलेल्यांची हाडं चिखलात बुडवलेली. कुणी दुष्टपणे केलं असं नाही. कुणीतरी दरपत्रक पाहिलं असेल आणि स्वस्त ते मागवलं असेल, डेन्व्हरच्या कंत्राटदारासारखं. पडद्यावरच्या कुटुंबाला आपलं मूल परत मिळतं. ज्यांची हाडं नकाराच्याही हक्काविना पडद्यावर आली, त्यांना मुलं होती का, हे विचारायला त्या गोष्टीत कुणीच नव्हतं.

याच सांगाड्यांवरून पुढे ‘चित्रपटाला शाप होता’ ही कथा उठली. कॅरल अ‍ॅन झालेली हेदर ओ’रुर्क १९८८ साली बाराव्या वर्षी गेली. आतड्यातला अडथळा वेळेत ओळखला गेला नव्हता. थोरली बहीण झालेली डॉमिनिक डन त्याआधीच, चित्रपट लागून पाच महिने होतात तोच गेली. शापाची कथा सांगणारे या दोघींची नावं एका दमात घेतात. हे मला असह्य होतं. एकीचं निदान चुकलं होतं, दुसरीला एका माणसाने मारलं होतं. दोन्हींना शाप म्हटलं की डॉक्टर सुटतो आणि तो माणूसही सुटतो.

तो माणूस डॉमिनिकचा पूर्वीचा प्रियकर, एका नामांकित उपाहारगृहात आचारी. तिला आधीही त्याने मारलं होतं. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ या मालिकेत तिने मारहाण झालेल्या मुलीची भूमिका केली तेव्हा तिच्या अंगावरचे काही वळ रंगभूषेचे नव्हते. तिने त्याला घराबाहेर काढलं, कुलपं बदलली. ३० ऑक्टोबर १९८२च्या रात्री तो तिच्या दारात आला आणि अंगणातल्या रस्त्यावर त्याने तिचा गळा आवळला. ४ नोव्हेंबरला ती गेली. बावीस वर्षांची होती. खटल्यात त्याची आणखी एक पूर्वीची मैत्रीण साक्षीला आली. तिलाही त्याने हाडं मोडेपर्यंत मारलं होतं. न्यायाधीशांनी तिची साक्ष ज्युरीपुढे येऊ दिली नाही, कारण ती आरोपीविषयी पूर्वग्रह निर्माण करेल. मागचं काही न ऐकता ज्युरीने खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरवला. साडेसहा वर्षांची शिक्षा झाली, चार वर्षं पुरी व्हायच्या आत तो बाहेर आला. ती साक्ष कानावर आली असती तर निकाल वेगळा लागला असता, असं ज्युरीच्या प्रमुखाने नंतर सांगितलं.

डॉमिनिकचे वडील डॉमिनिक डन हे हॉलिवुडमधले उतरणीला लागलेले निर्माते होते. खटल्यात ते रोज वही घेऊन बसत. १९८४ साली ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये त्यांनी त्यावर दीर्घ लेख लिहिला आणि तिथून मरेपर्यंत, म्हणजे २००९पर्यंत, श्रीमंत आणि वजनदार आरोपींच्या खटल्यांचे ते वार्ताहर झाले. आई एलन व्हीलचेअरला खिळलेली होती. तिने खून झालेल्यांच्या घरच्यांसाठी संघटना काढली. तो मारेकरी सुटून आल्यावर सँटा मोनिकातल्या एका उपाहारगृहात मुख्य आचारी म्हणून लागला तेव्हा ती आणि मुलगा ग्रिफिन दाराशी उभे राहून आत जाणाऱ्या गिऱ्हाइकांच्या हातात पत्रकं ठेवू लागले. आज तुमचं जेवण रांधणाऱ्या हातांनी काय केलं आहे, ते त्या पत्रकात नावानिशी छापलेलं होतं. शेवटी त्याने ती नोकरी सोडली आणि तो शहरातून निघून गेला.